अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष सोडून भौतिकोपचाराकडे वळावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी पुण्यात यांत्रिक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. बारावीला तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले होते. ती कबड्डी खेळते. मागील वर्षी खेळताना तिच्या गुडघ्याला स्थिर ठेवणारे एसीएल लिगामेंट तुटले, शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे अनेक महिने फिजिओथेरपी (भौतिकोपचार) चालली. त्या काळात तिला या क्षेत्राची ओढ लागली. आता अभियांत्रिकी सोडून फिजिओथेरपीला प्रवेश घ्यावा असे तिला वाटते. वडिलांचे म्हणणे आहे की दोन वर्षे वाया जातील, निदान पदवी तरी पूर्ण कर. झालेल्या दोन वर्षांचा काही उपयोग होईल का, प्रवेश कसा मिळतो आणि हा निर्णय शहाणपणाचा आहे का, असे तिने विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे भौतिकोपचाराचे काम करते, त्यातील पहिली सहा मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात आणि नंतरची कोल्हापुरात. त्या आधारावर उत्तर देते.

आधी तुमच्या गुडघ्याविषयी बोलू, कारण तुमच्या निर्णयाचे मूळ तिथे आहे. तुम्ही ज्या उपचारातून गेलात तो आमच्या क्षेत्रातील सर्वांत समाधान देणाऱ्या उपचारांपैकी एक आहे. रुग्ण तरुण असतो, शरीर कमावलेले असते, मैदानावर परतण्याची इच्छा इतकी तीव्र असते की आम्हाला 'व्यायाम करा' असे सांगावे लागत नाही. उलट 'आज एवढेच पुरे' असे म्हणून थांबवावे लागते. तुम्हाला आठवत असेल, दोन-अडीच महिन्यांनी गुडघा दुखायचा थांबला तेव्हाही तुम्हाला धावू दिले नसेल. त्याचे कारण असे की शस्त्रक्रियेत तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट (पर्यायी तंतू) पहिल्या काही आठवड्यांत आधी कमकुवत होतो आणि मग त्यात नवीन रक्तवाहिन्या व तंतू तयार होऊन तो हळूहळू बळकट होतो. म्हणजे वेदना संपलेली असते, नेमक्या त्याच सुमारास ग्राफ्ट सर्वांत नाजूक असतो. म्हणूनच साधारण नऊ महिन्यांच्या आत वळणे-उड्या असलेल्या खेळात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो. तुमच्या उपचारकाने तुम्हाला रोखून धरले असेल तर त्याने फार चांगले काम केले.

परंतु हा अनुभव आमच्या व्यवसायाचा एक छोटा कोपरा आहे, आणि तोही तुम्ही खाटेवरून पाहिलेला आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात दिवसभरात जे लोक येतात त्यांत खेळाडू क्वचित असतो. गुडघे झिजलेल्या पन्नाशी-साठीच्या बायका, 'गादी सरकली' म्हणून वाकता न येणारे पुरुष, मधुमेहामुळे खांदा आखडलेली माणसे, अर्धांगवायूनंतर घरच्यांनी धरून आणलेले आजोबा, मान सावरू न शकणारे सेरेब्रल पाल्सीचे मूल आणि त्याला कडेवर घेऊन दोन एसट्या बदलून आलेली आई, असा तो दिवस असतो. अतिदक्षता विभागात तर रुग्ण शुद्धीवरही नसतो; तिथे आमचे काम म्हणजे त्याची कूस बदलणे, छातीतील कफ सुटा करून बाहेर काढणे, सांधे आखडू न देणे आणि शुद्धीवर येताच त्याला शक्य तितक्या लवकर बसते-उभे करणे. तुम्हाला ज्या कामाचे प्रेम जडले आहे ते हेच काम आहे का, याचे उत्तर तुम्ही अजून शोधलेले नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

या कामाचा गाभा समजावा म्हणून एक प्रसंग सांगते. राधानगरीकडच्या एका बाईंचा गुडघ्याचा सांधा बदललेला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, महिन्याभरात त्या काठीशिवाय चालू लागल्या. तरीही प्रत्येक भेटीत त्यांचा चेहरा पडलेला असे. शेवटी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "चालायचं काय घेऊन बसलासा, मला म्हशीची धार काढता यायला पायजे." धार काढायला उकिडवे बसावे लागते. सांधा बदलल्यानंतर गुडघा बहुधा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. पूर्ण उकिडवे बसायला त्याहून बरेच जास्त वाकावे लागते आणि कृत्रिम सांध्यावर तसा ताण देणे योग्यही नसते. म्हणजे त्यांना जे हवे होते ते गुडघ्याकडून मिळणारच नव्हते. मग आम्ही गोठ्याची मापे मागवली, म्हशीच्या कासेची उंची विचारली आणि एक बसके, रुंद पायांचे स्टूल करून घेतले. त्यावर बसून पुढे झुकता येईल इतका नितंबाचा सांधा मोकळा केला, पाठीचे स्नायू बळकट केले आणि स्टुलावरून हाताच्या आधाराशिवाय उठण्याचा सराव तीन आठवडे रोज करून घेतला. हे सगळे करताना यंत्र एकही वापरले नाही. भौतिकोपचार म्हणजे शेक, करंट आणि मालीश असे ज्यांना वाटते त्यांना हा भाग दिसत नाही. माणसाला त्याच्या आयुष्यातील नेमकी कोणती हालचाल परत हवी आहे ते शोधणे, शरीर ती देऊ शकते का ते मोजणे, आणि देऊ शकत नसेल तर दुसरी वाट काढणे, हे आमचे खरे कौशल्य आहे.

आणि हे कौशल्य कंटाळ्याच्या पोटात दडलेले असते. अर्धांगवायूनंतर मेंदू नव्याने शिकतो हे खरे, पण तो एकच हालचाल शेकडो वेळा केल्यावर शिकतो. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत रुग्ण खचलेला, चिडलेला किंवा रडवेला असतो. पेला उचलून ठेवणे, पुन्हा उचलणे, पुन्हा ठेवणे हे त्याच्याकडून चाळीस वेळा करून घेताना एकेचाळिसाव्या वेळेसही तुमचे लक्ष त्याच्या खांद्याकडे असले पाहिजे, कारण थकल्यावर तो हात उचलण्याऐवजी खांदा उचकटून फसवी हालचाल करतो. ज्यांना अशा पुनरावृत्तीत बारीक फरक दिसतो आणि तो पाहून आनंद होतो, ते या क्षेत्रात टिकतात. ज्यांना फक्त शेवटचा आनंदाचा क्षण हवा असतो ते दोन-तीन वर्षांत कंटाळतात. मी शिकवलेल्या मुलांमध्ये दोन्ही प्रकार पाहिले आहेत, आणि परीक्षेतील गुणांवरून हा फरक मला कधी ओळखता आला नाही.

आता तुमच्या दोन वर्षांचा हिशोब. औपचारिक उत्तर सरळ आहे: अभियांत्रिकीचे श्रेयांक (क्रेडिट) भौतिकोपचाराच्या पदवीत चालत नाहीत, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही, सुरुवात पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. हा बदल म्हणजे शाखांतर नसून नवा प्रवेश आहे, हे घरी बोलताना स्पष्ट असू द्या.

पण ज्ञानाचा हिशोब वेगळा आहे, आणि इथे मला तुमच्या वडिलांशी सहमत होता येत नाही. भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमात किनेसिऑलॉजी नावाचा विषय असतो, म्हणजे शरीराच्या हालचालीचे शास्त्र. आमच्या वर्गातील हुशार मुलेही तिथे अडखळतात, कारण तो विषय म्हणजे हाडे-स्नायूंवर बसवलेली स्थितिकी आणि गतिकी आहे. तुम्ही पहिल्याच वर्षी बल, आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम), मुक्तवस्तू आकृती हे शिकला आहात. एक उदाहरण देते. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा शरीराचे वजन त्या पायाच्या नितंबसांध्यापासून आतल्या बाजूला, बऱ्यापैकी अंतरावर पडते, आणि ते तोलून धरणारे बाजूचे स्नायू सांध्याच्या बाहेरच्या बाजूला, पण फार जवळ असतात. वजनाची भुजा (सांध्यापासूनचे अंतर) स्नायूच्या भुजेच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे स्नायूला शरीराच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट बल लावावे लागते आणि सांध्यावर एकूण दाब शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट येतो. आता सांगा, उजवा नितंबसांधा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? दहापैकी नऊ रुग्ण उजव्याच हातात धरतात. काठी डाव्या हातात धरली तर तिची भुजा लांब होते, थोडासा भार दिला तरी आघूर्ण मोठे मिळते, स्नायूचे काम हलके होते आणि सांध्यावरचा दाब चांगलाच उतरतो. तुम्ही हे गणित कागदावर दहा मिनिटांत मांडाल. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ते पटवून द्यायला मला दोन तास लागतात.

म्हणून दोन वर्षे वाया जातील असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांचा उपयोग भौतिकशास्त्राशी जिथे संबंध येतो तेवढ्यापुरता आहे. पहिल्या वर्षातील शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांत पाठांतर प्रचंड आहे. शवविच्छेदनाच्या टेबलाशी तासन्‌तास उभे राहावे लागते. दुसऱ्या वर्षात विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र येते. पुढे अस्थिरोग, चेतासंस्था, हृदय व फुप्फुस, स्त्रीरोग व प्रसूती, समाजातील पुनर्वसन असे विषय रुग्णांच्या शेजारी उभे राहून शिकावे लागतात. दोन वर्षे जीवशास्त्राचे पुस्तक न उघडलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातील.

प्रवेशाचा मार्ग असा आहे. महाराष्ट्रात भौतिकोपचाराच्या पदवीचे प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांमधून होतात, आणि बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असणे आवश्यक असते. ते तुमच्याकडे आहेत, म्हणून तुमची मोठी अडचण टळली. ज्यांनी बारावीला जीवशास्त्र सोडले होते त्यांनी मात्र काहीही ठरवण्यापूर्वी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेचे कलम शब्दशः वाचावे. 'नीट'ला वयाची कमाल मर्यादा आता नाही. परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यातील निम्मे, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे. भौतिकशास्त्राचे १८० गुण ही वैद्यकीयच्या मुलांची डोकेदुखी असते आणि तुमची जमेची बाजू. म्हणून तयारीचा बहुतांश वेळ जीवशास्त्राच्या अकरावी-बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकांना द्या आणि ती ओळ न ओळ वाचा.

वेळापत्रकाची एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण इथे मुले फसतात. 'नीट'चे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात आणि परीक्षा मेच्या आरंभी असते, म्हणजे तुमच्या सत्र परीक्षेच्या ऐन तोंडावर. भौतिकोपचाराच्या फेऱ्या वैद्यकीय व दंतवैद्यकीयच्या फेऱ्यांच्या मागोमाग चालतात आणि अनेकदा पावसाळा सरेपर्यंत लांबतात, तोवर तुमचे तिसरे वर्ष सुरू झालेले असेल आणि त्याचे शुल्क मागितले जाईल. माझा सल्ला असा की जागा हातात येईपर्यंत अभियांत्रिकीचा प्रवेश रद्द करू नका, दुसऱ्या वर्षाची परीक्षा मनापासून द्या आणि एकही विषय मागे ठेवू नका. मन लागत नाही म्हणून कॉलेजला जाणे सोडून देणारी आणि मग दोन्हीकडून अडकणारी मुले मी पाहिली आहेत. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला महाविद्यालयाने अडवून ठेवणे नियमाला धरून नाही. तरीही तसे घडते, म्हणून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा.

शुल्काचा विषय तुमच्या घरी निघणारच. शासकीय व महापालिकेच्या संस्थांत शुल्क कमी असते, पण त्या जागा मोजक्या आहेत: मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांशी जोडलेल्या संस्था, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते बहुतेक ठिकाणी वर्षाला लाखाच्या वर असते. अभिमत विद्यापीठांचे त्याहून जास्त. राज्य शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर हिशोब पुष्कळ बदलतो. मात्र तुम्ही आता अभियांत्रिकीसाठी हीच सवलत किंवा शिष्यवृत्ती घेत असाल, तर अभ्यासक्रम बदलल्यावर ती पुन्हा मिळेल का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात आणि समाजकल्याण कार्यालयात आधी विचारून घ्या. हा प्रश्न प्रवेशानंतर विचारणारे पालक रडकुंडीला आलेले मी पाहिले आहेत.

कालावधी किती? आरोग्य विज्ञान विद्यापीठात आजवर चार वर्षे अभ्यास आणि सहा महिने आंतरवासिता (इंटर्नशिप) असा साडेचार वर्षांचा क्रम होता. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेला अभ्यासक्रम मात्र एक वर्षाच्या आंतरवासितेसह पाच वर्षांचा आहे. तुम्ही पाच वर्षे धरूनच चाला. आज तुम्ही वीस वर्षांच्या असाल तर पदवी हाती येईपर्यंत सव्वीस होतील. गावातील मैत्रिणी तोवर नोकरीला लागलेल्या असतील, काहींची लग्ने झालेली असतील, आणि नातेवाईक विचारतील, "अजून शिकतेच का?" हे वाक्य दर दिवाळीला ऐकण्याची तयारी ही प्रवेशाच्या तयारीइतकीच खरी आहे.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, त्याला जोडलेले रुग्णालय पाहा. खाटा किती भरलेल्या असतात, अतिदक्षता विभागात विद्यार्थ्यांना रुग्णाला हात लावू देतात का, बालरोग व चेतासंस्थेचे रुग्ण येतात का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. माझ्या हाताला जे वळण लागले ते मुंबईतील त्या गर्दीच्या वॉर्डात, जिथे एका सकाळी वीस रुग्ण तपासावे लागत. याउलट, नंतर काही महिने मी एका खासगी केंद्रात काम केले, तिथे प्रत्येक रुग्णाला यंत्र लावून वीस मिनिटांनी पुढचा घ्यायचा, तपासणीला वेळ द्यायचा नाही, असा शिरस्ता होता. तिथे मी एका आखडलेल्या खांद्याच्या रुग्णाला, दाह चालू असताना, घाईने जोर लावून ताणले. त्याचे दुखणे वाढले आणि तो पुढे कित्येक रात्री झोपला नाही. आखडलेल्या खांद्याची पहिली अवस्था दाहाची असते, तेव्हा वेदनेच्या आत राहून हळुवार हालचाल द्यायची असते, ताणणे नंतरचे. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण मी तपासले नाही. आजही खांद्याचा रुग्ण आला की मी आधी एकच विचारते, रात्री झोप लागते का?

पदवीनंतर महाराष्ट्रात काम करण्यासाठी २००२ च्या राज्य कायद्यानुसार स्थापन झालेल्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. या कारणासाठीच, सहा महिन्यांत किंवा वर्षात 'फिजिओथेरपिस्ट' बनवण्याचे आश्वासन देणाऱ्या प्रमाणपत्रांच्या जाहिरातींकडे चुकूनही वळू नका. त्यातून ना नोंदणी मिळते, ना शरीराला हात लावण्याची पात्रता.

उत्पन्नाबद्दल गोड बोलणे अन्यायाचे होईल. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक मुलामुलींना पहिल्या नोकरीत महिना १५ ते २५ हजार रुपये मिळाले, आणि तुमच्या वर्गातील मित्रांची सुरुवात याहून चांगली होण्याची शक्यता आहे. पाच-सात वर्षांनी, पदव्युत्तर शिक्षण घेऊन किंवा स्वतःचा दवाखाना जमवून चित्र बदलते, पण ते सर्वांचे बदलत नाही. घरी जाऊन उपचार करणे हा उत्पन्नाचा चांगला मार्ग आहे. मुलींनी तिथे सुरक्षिततेचा विचार करून पहिल्या भेटीला घरातील दुसरी व्यक्ती हजर राहील असे ठरवून घ्यावे. शरीरही झिजते. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत घेताना आपली कंबर आणि वर्षानुवर्षे दाब दिल्याने आपले अंगठे दुखू लागतात. तुमच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून हे काम अशक्य नाही, पण मांड्यांचे स्नायू आयुष्यभर बळकट ठेवावे लागतील. नावापुढे 'डॉक्टर' लावण्याचा वाद तुमच्या कानावर आला असेल; सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने त्याविरुद्ध पत्र काढले आणि लगोलग ते मागेही घेतले. मी त्यात शक्ती घालवत नाही. तुम्ही या क्षेत्राकडे त्या दोन अक्षरांसाठी येत असाल तर येऊ नका.

वडिलांचा दुसरा मुद्दा होता पदवी पूर्ण करण्याचा. त्यात एक खाच आहे. अभियंता झाल्यावर भारतात थेट भौतिकोपचाराची पदव्युत्तर पदवी घेता येत नाही, तिला भौतिकोपचाराचीच पदवी लागते. म्हणून 'आधी हे संपव, मग ते कर' याचा अर्थ दोन वर्षे पुढे जाऊन पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात असा होतो. ब्रिटनमध्ये इतर शाखेच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचा नोंदणीपूर्व पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि अमेरिकेत कोणत्याही पदवीनंतर, ठरावीक विज्ञान विषय पूर्ण केलेले असल्यास, तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करता येते. परंतु खर्च फार मोठा आहे आणि केवळ त्या आशेवर पदवी पूर्ण करण्याचा सल्ला मी देणार नाही.

पदवी पूर्ण करण्याचे एक खरे, सबळ कारण मात्र आहे, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेले नसावे. माणसाला पुन्हा चालते करण्याचे काम अभियंतेही करतात. १९६८ च्या सुमारास जयपूरला अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून जो कृत्रिम पाय ('जयपूर फूट') घडवला, तो अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, चिखलात काम करता यावे अशा आपल्याकडच्या गरजा समोर ठेवून घडवला. अलीकडे, २०२२ मध्ये, आयआयटी मद्रासच्या पुनर्वसन संशोधन केंद्राने 'कदम' नावाचा बहुअक्षीय (एकाहून अधिक अक्षांवर वळणारा) कृत्रिम गुडघा आणला. तो चालताना अडखळण्याचा धोका कमी व्हावा अशा रचनेचा आहे. हे काम यंत्र अभियंत्याचे आहे. तुम्हाला माणसाला हाताने हलवण्यापेक्षा त्याला हलवणारी वस्तू घडवण्यात रस असेल, तर अभियांत्रिकी पूर्ण करून जैववैद्यकीय किंवा पुनर्वसन अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेणे हा तुमच्यासाठी अधिक सरळ मार्ग आहे, आणि आम्हाला अशा अभियंत्यांची फार गरज आहे. माझ्या धार काढणाऱ्या बाईंचे स्टूल गावच्या सुताराने तिसऱ्या प्रयत्नात जमवले.

त्याच प्रवेशप्रक्रियेत तुम्हाला कृत्रिम अवयवशास्त्र आणि व्यवसायोपचार हे अभ्यासक्रमही दिसतील. व्यवसायोपचाराला लोक आमचीच शाखा समजतात, तसे नाही. तो रुग्णाला जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, घरकाम, नोकरी अशा प्रत्यक्ष कृती पुन्हा करता याव्यात यावर भर देतो. त्याची भारतातील पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने आणि कामाने आपल्या. गुणानुक्रमात फिजिओथेरपी मिळाली नाही म्हणून नाक मुरडून ही जागा सोडू नका. आधी ते काम पाहून या.

पाहून येणे, हेच मी तुम्हाला आता करायला सांगणार आहे. या हिवाळी सुट्टीत पंधरा दिवस काढा. खेळाडूंच्या चकचकीत केंद्रात जाऊ नका, ते तुम्हाला माहीत आहे. सांगली-मिरजेच्या किंवा पुण्याच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील भौतिकोपचार विभागाच्या प्रमुखांना साध्या कागदावर अर्ज लिहा, की मी विद्यार्थिनी आहे, या शिक्षणाचा विचार करत आहे आणि कोपऱ्यात उभे राहून काम पाहण्याची परवानगी हवी आहे. बहुतेक जण हो म्हणतात. मी तरी कधी नाही म्हटलेले नाही. छायाचित्रे काढू नका, रुग्णाचे नाव कुठे लिहू नका. सकाळी विभाग उघडण्याआधी पोहोचा आणि शेवटचा रुग्ण जाईपर्यंत थांबा. त्यांच्या संमतीने अर्धांगवायूचा एक रुग्ण निवडा आणि रोज फक्त त्याचीच नोंद ठेवा: आज हात किती उचलला, किती वेळा केले, कुठे थकला, उपचारकाने काय बदलले, घरच्यांनी काय विचारले. पहिले तीन दिवस सगळे नवे वाटेल. पाचव्या-सहाव्या दिवशी काहीच घडत नाही असे वाटेल, त्या दिवशी घरी राहू नका. पंधराव्या दिवशी ती वही घेऊन सांगलीला जा आणि वडिलांसमोर बसून ती पहिल्या पानापासून मोठ्याने वाचा. वाचताना मधली पाने गाळावीशी वाटतात की तीच जास्त सांगावीशी वाटतात, ते तुमच्याही आणि त्यांच्याही लक्षात येईल.